शिक्क्याचा कागद

मालावीच्या सरोवरातलं आमचं बेट
आठवड्यातून एकदाच बोट बघतं.
बोट आली की आधी सिलिंडर उतरवायचा.
दोन माणसं लागतात त्याला,
आणि वाळूत तो हट्टी म्हशीसारखा बसकण मारतो.
दुकानदार म्हणतो, हाच वायू सोड्यात असतो.
असेल. माझ्याकडे तो गोठवायला आहे.

बाकीची हत्यारं बघाल तर हसाल:
टॉर्च, कापूस, आणि व्हिनेगरची बाटली,
पलीकडच्या काठावर तळलेल्या बटाट्यांवर शिंपडतात तेच.

फालेसी आज तिसऱ्यांदा आली.
पहिल्यांदा बाकावरून उठून गेली,
मासळी वाळत घातलीय म्हणाली.
दुसऱ्यांदा चपला इथेच टाकून पळाली.
त्या मी दोन महिने कपाटात ठेवल्या, सिरिंजांशेजारी.
आज परत देताना तिला म्हटलं,
चप्पल अडकली की बाई परत येते.

"बघतेस तरी काय?"
तोंड, म्हटलं. गर्भाशयालाही तोंड असतं,
पण ते बोलत नाही.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार
त्याच्याइतका कुणीच खात नसेल.

व्हिनेगर लावलं की मिनिटभर थांबायचं.
घड्याळाचा सेकंदकाटा मोडलाय, म्हणून मी मनात मोजते,
आणि या साठ आकड्यांत मला दर वेळी
एदिना मावशी भेटते.
शेवटी शेवटी तिला मागच्या खोलीत ठेवलं होतं.
वास जावा म्हणून आई लिंबाच्या साली जाळायची
आणि आल्यागेल्याला सांगायची, पोटाचं दुखणं.
मी नऊ वर्षांची. पोट म्हणजे मला भूकच ठाऊक.
माझ्या ताटातला मक्याचा गोळा अर्धा तोडून
तिच्या उशाशी ठेवायचे.
सकाळी तो तसाच, मुंग्यांनी भरलेला.
एकोणसाठ. साठ.

टॉर्च.
तिथे, वरच्या कडेला, पांढरं.
तांदळाच्या दाण्याएवढं.
मावशीचंही कधीतरी एवढंच असणार,
कुठल्यातरी मंगळवारी, ती जाळं शिवत असताना.

तीन मिनिटं गोठवायचं, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा तीन.
तेवढा वेळ फालेसी छताकडे बघत
तिथल्या पालीच्या तुटक्या शेपटीबद्दल बोलत राहिली.

मग मी नेहमीचं सांगितलं:
पाणी जाईल, घाबरू नकोस.
रक्त फार गेलं, ताप चढला, तर रात्रीसुद्धा दार वाजव.
वर्षाने पुन्हा दाखव.
आणि सहा आठवडे नवऱ्याजवळ जायचं नाही.

ती ताडकन उठून बसली.
"हे मी सांगून तो ऐकायचा नाही. लिहून दे.
आणि शिक्का मार."

खणात एकच शिक्का होता:
'लसीचा साठा मिळाला'.
तोच मारला. जांभळा, ठसठशीत.
"वाचता येत नाही त्याला," ती कागदावर फुंकर घालत म्हणाली,
"पण शिक्का कळतो."

साठा खरंच मिळाला होता.
काल शाळेच्या आंब्याखाली मुलींची रांग लागली,
तिची तियामिके चौथी.
बाही वर करून ती सुईकडे बघत राहिली,
उधारी वसूल करायला आल्यासारखी.
या दंडांनी ऐकलं माझं,
तर माझ्यानंतरच्या नर्सला
व्हिनेगर बटाट्यांवरच वापरता येईल.

फालेसी दारात थांबली.
"आणि तुला कुणी बघितलंय?"
मी सिलिंडरची चावी घट्ट करत होते.
अकरा वर्षं झाली मला इथे.
"इथे दुसरं कोण आहे बघायला?"
"पलीकडे आहेत ना. बोट आहे ना."
"बघू."
"बघू म्हणजे मासळी वाळत घातलीय," ती म्हणाली,
खाली वाकली,
उंबऱ्याबाहेरची माझी डावी चप्पल उचलली
आणि काखेत मारून चालायला लागली.

आता रिकामा सिलिंडर बोटीकडे ढकलतेय मी,
एक पाय चपलेत,
एक तापलेल्या वाळूत.
नावाडी विचारतोय,
सिलिंडर एकटाच जाणार, की तुम्हीही?